आज बाजूला कोण?

मैदानात पाय ठेवला की आमच्या पीटीच्या बाई आधी मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाकायच्या आणि मग तिथूनच शिट्टी बाहेर काढायच्या. दोन्ही एकाच गळ्यात. एखाद्या दिवशी बाई चुकतील आणि मंगळसूत्रच फुंकतील अशी आम्हा पोरींची पैज लागलेली होती. तीन वर्षं आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिलं, पण बाई काही चुकल्या नाहीत.

बाईंचं नाव मी सांगणार नाही. त्या वेळच्या नागपुरात मुलींच्या शाळेतल्या पीटीच्या बाई मोजक्याच होत्या, आणि ओळखणारे ओळखतील. पांढरं सुती पातळ, निऱ्या वर कमरेला खोचलेल्या, पायात खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. मुख्याध्यापिकांशी बोलताना बाई एकदम पुस्तकी बोलायच्या. आमच्याकडे वळल्या की उमरेडकडची भाषा सुरू. कोणी धापा टाकत खाली बसलं की लांबूनच ओरडायच्या, “बसू नोको वं! बसाची सवय लागते.”

आमची शाळा विणकरांच्या वस्तीला लागून होती. वर्गात अर्ध्याहून जास्त पोरी मागाच्या घरच्या. सकाळी उठून चरख्यावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायच्या, मग शाळेत यायचं. मी किराणा दुकानदाराची मुलगी, खाऊन-पिऊन सुखी. पहिल्याच दिवशी बाईंनी ओळीत एकेकीचा उजवा खांदा चाचपला. “तू कांड्या भरते. तूबी भरते. तू रोज भरते.” माझ्यापाशी आल्या, दंड दाबला आणि म्हणाल्या, “तू नुसती खाते.” सगळी ओळ हसली आणि त्या दिवसापासून पीटी या विषयाशी माझं वाकडं आलं.

कांड्या भरणाऱ्या पोरींचा उजवा हात तयार झालेला असतो म्हणून बाई त्यांना चेंडू डाव्या हातानं फेकायला लावायच्या. चेंडू कुठेही जायचे. एकदा एक चेंडू थेट मुख्याध्यापिकांच्या खिडकीतून आत गेला. बाईंनी आत जाऊन माफी मागितली आणि बाहेर येऊन त्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, “डाव्या हातानं इतक्या दूर? शाब्बास वं.”

तरी मैदानावर दहा-बाराच पोरी यायच्या. एक दिवस बाईंनी सगळ्यांना कागद वाटले आणि सांगितलं, नाव लिहू नका, फक्त लिहा की पळायला का येत नाही. असं आम्हाला कोणी कधी विचारलंच नव्हतं. मोठी माणसं सांगायची की तुमच्या वयाच्या पोरी आळशी असतात, आणि विषय संपायचा. त्या कागदांवर काय काय निघालं! झगा उडतो. चप्पल तुटते. पळून आल्यावर फार भूक लागते आणि घरी दुपारशिवाय जेवण नाही. माझी मैत्रीण येत नाही म्हणून मी येत नाही. पाय जाड होतील आणि मग लग्न जमणार नाही. आई रागावते, हे तर निम्म्या कागदांवर होतं.

बाई महिनाभर त्या कागदांच्या मागे लागल्या. चपला काढून अनवाणी पळायचं ठरलं. भुकेसाठी बाईंच्या पिशवीत फुटाणे आले, पळून झालं की मूठभर. मैत्रिणींच्या जोड्या लावून दिल्या. एक आली नाही तर दुसरीनं तिच्या घरी जाऊन तिला आणायचं. उडणाऱ्या झग्यासाठी बाईंनी काळ्या कापडाच्या चड्ड्या शिवून घेतल्या, झग्याच्या आत घालायला. आमच्या अंगणातल्या दोरीवर ती चड्डी पहिल्यांदा वाळत पडली तेव्हा आजीनं काठीनं ती उचलून विचारलं, “हे कोणाचं?” माझं, म्हटल्यावर तिनं वडिलांना दुकानातून बोलावून घेतलं. वडील आले, पाहिलं, आणि परत दुकानात गेले. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही.

आयांसाठी मात्र बाई स्वतः घरोघरी जायच्या. कौशीच्या घरी त्या गेल्या तेव्हा मी सोबत होते, कारण जोडीत ती माझ्या वाट्याला आली होती. कौशी म्हणजे काडीसारखी सडपातळ पोरगी, वर्गात तोंडातून शब्द नाही, पण पळायला लागली की बाकीच्या आपोआप थांबून पाहायच्या. तिची आई मागावर बसली होती. हात न थांबवता म्हणाली, “पोरगी पळन, तं कांड्या कोण भरन?” बाई चरख्यापुढे फतकल मारून बसल्या आणि कांडी भरायला घेतली. पाच मिनिटांत असा गुंता केला की कौशीची आई माग सोडून उठली. “सरका बाई, सरका, सूत नोका नासवू.” आणि हसायलाच लागली. कौशीला अर्धा तास मिळाला.

आता तो नियम सांगते, कारण सगळं त्याच्याभोवती आहे. त्या चाळीस-पन्नास कागदांवर एक कारण कोणीच लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतंच ते. पण बाई स्वतः मागाच्या घरच्या (कौशीकडचा तो गुंता त्यांनी मुद्दामच केला असणार), त्यांना न लिहिलेलंही कळलं. घरी पोरी महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या आणि लाजेपायी शाळेलाही दांडी मारायच्या, आणि चार दिवस तुटले की पुढचे आठ दिवस यायच्या नाहीत. मग बाईंनी ओळीपुढे उभं राहून साध्या आवाजात विचारायला सुरुवात केली, “आज बाजूला कोण?” हात वर करायचा, कडुनिंबाखाली जाऊन बसायचं, बस. “बाजूला म्हटलं का प्रश्न नाई,” असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. कोणी हसायचं नाही, कोणी किती दिवस ते मोजायचं नाही. पण घरी राहायचं नाही, मैदानात यायचंच.

तुम्हाला आज ही साधी गोष्ट वाटेल. आम्हाला तेव्हा घाम फुटला होता. पहिल्या दिवशी एकही हात वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी एक गेला, आणि महिन्याभरात मैदानावर चाळीस पोरी यायला लागल्या.

आणि मी काय केलं? मी त्या नियमाचं सोनं करून घेतलं. माझा हात महिन्यातून तीन-तीनदा वर जायचा. कडुनिंबाखाली सावली, खिशात मीठ लावलेली चिंच, समोर चाळीस जणी घाम गाळतायत. माझं पाहून आणखी दोघी-तिघी शिकल्या. बाई आमच्याकडे एकदा पाहायच्या, वहीत काहीतरी टिपायच्या आणि शिट्टी मारायच्या. मला वाटायचं, बाई भोळ्या आहेत.

त्या हिवाळ्यात विभागीय स्पर्धा अमरावतीला होत्या. आमच्या शाळेतून तोवर कोणी नागपूरबाहेर खेळायला गेलं नव्हतं. कौशीची निवड झाली तेव्हा बाईंनी आम्हाला दोन-दोन मुठी फुटाणे दिले. बसमध्ये तिच्या शेजारी आपणच कसं बसणार, तिला डबा काय द्यायचा, हे त्या आम्हालाच सांगत होत्या. इतक्या खुश मी त्यांना कधी पाहिलं नाही.

स्पर्धेला चार दिवस होते. सकाळी ओळ लागली. “आज बाजूला कोण?” कौशीनं हात वर केला. तिनं मागच्या आठवड्यातही केला होता आणि त्याच्या मागच्या आठवड्यातही. बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“अजून?”

“हो बाई.”

ओळीत कोणीतरी फिसकन हसलं. कोणीतरी कशाला, मीच हसले. मला वाटलं, ही पण आमच्यातली झाली. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ कौशीकडे. प्रश्न विचारायचा नाही हा नियम बाईंचाच होता.

“चाल,” बाई म्हणाल्या. “तीनच फेऱ्या. हळू पळ.”

कौशी पळाली. मी नेहमीसारखी कडुनिंबाखाली होते. दोन फेऱ्या तिनं पुऱ्या केल्या. तिसरीत, नळाच्या वळणावर, ती थांबली आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून खाली बसली. बाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, “बसू नोको वं, बसाची सवय लागते!” कौशी उठायला लागली. खरंच उठायला लागली. अर्धी उठली आणि आडवी झाली.

बाई इतक्या जोरात पळू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं, फाटकाबाहेरच्या सायकलरिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरीच्या अंगात रक्तच उरलेलं नाही असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी कौशी गेली.

चौदा वर्षांची मुलगी मरू शकते हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचं मरण मी पाहिलं होतं. तान्ह्या बाळांचंही पाहिलं होतं. पण माझ्या जोडीतली मुलगी? मला रडू आलं नाही. मी घरी जाऊन जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि मग उलटी झाली. आई म्हणाली, बाधलं असेल.

मग एकेक गोष्ट कानावर आली. मागाच्या घरात त्या दिवसांत सुताला हात लावत नाहीत. चार दिवस कौशी घरी बाजूला बसली, पाचव्या दिवशी न्हाली आणि कांड्या भरायला लागली. दिवस थांबलेच नाहीत हे तिनं आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सूत अडलं असतं आणि आईनं मैदानही बंद केलं असतं. तीन आठवडे ती एकाच ठिकाणी खरं बोलत होती, आमच्या ओळीत, हात वर करून.

शाळेच्या कमिटीनं बाईंना बोलावलं. “चूक माझी,” एवढंच त्या म्हणाल्या. नोकरी गेली नाही, पण पीटी गेली. त्यांना शिवणाचा तास दिला. आयांनी आपापल्या पोरी मैदानावरून काढून घेतल्या, काळ्या चड्ड्यांची घरोघर फडकी झाली. चाळीस पोरींची लागलेली सवय आठ दिवसांत मोडली. मी शिवणाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचे आणि बाईंच्या डोळ्याला डोळा द्यायचे नाही. माझ्या खोट्यामुळे बाईंना कौशीचं खोटं वाटलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कोणालाच सांगितलं नाही.

लग्नानंतर मी कोराडीला गेले, नवरा वीजकेंद्रात. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि मी ती झटकत राहायचे. दोन मुलं झाली, अंग सुटलं. डॉक्टर म्हणाले चालत जा, तर मी कॉलनीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. दहा वर्षं अशी गेली. एक दिवस बाजारात शाळेतली एक जण भेटली आणि म्हणाली, बाई आता बेसाला भाच्याकडे असतात, तब्येत ठीक नाही. त्या रात्री मला झोप आली नाही आणि सकाळी मी बस पकडली.

बेसा तेव्हा नागपूरबाहेरचं खेडंच होतं. बाई ओसरीत खुर्चीवर बसलेल्या, पाय सुजलेले. मला ओळखलं. “नुसती खाते,” म्हणाल्या आणि हसल्या. मी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. बाई, मी खोटं बोलत होते, महिन्यातून तीन-तीनदा हात वर करत होते, माझ्यामुळे तुमचा आमच्यावरचा विश्वास उडाला, म्हणून तुम्ही कौशीला पळवलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. पंधरा वर्षांचं साचलेलं होतं.

बाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “तुह्यामुळं? अवं, तू खोटी हाय हे मले पहिल्याच महिन्यात समजलं. पोरीयचे दिवस मी वहीत टिपून ठेवत होती. तुहे महिन्यात तीनदा येत होते.”

“मग बोलला का नाहीत?”

“काहून बोलू? मैदानात तं येत होती ना. आज बसते, उद्या उठन.”

“आणि कौशी?”

“तिचंबी टिपलं होतं. सलग एकवीस दिवस. मले मालूम होतं का हे खरं हाय, अन् हे बरं नाई. तिच्या मायले घेऊन दवाखान्यात जावाचं मी ठरवलं होतं. अमरावतीहून आल्यावर. चार दिवसाचा तं प्रश्न होता. आधी सांगितलं असतं तं मायनं तिले जाऊ दिलं नसतं.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. पंधरा वर्षं वाहिलेलं ओझं माझं नव्हतंच, तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? तसं काही झालं नाही. मी विचारलं, “कमिटीपुढे तर तुम्ही म्हणालात, चूक माझी.”

“थे चूक नव्हती,” बाई म्हणाल्या. “माहीत नसतानी होते थे चूक. मले माहीत होतं.”

मी उठले. पाया पडायला गेले होते, पण पाया पडले नाही. नमस्कारसुद्धा केला नाही. बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, “सांभाळून जाजो वं.” बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि मला इतका राग आला होता की शेजारच्या बाईनं विचारलं, काही दुखतंय का. ज्या बाईंनी घरोघरी जाऊन आमच्यासाठी मैदान मिळवलं, त्याच बाई हे करू शकतात? ते फुटाणे, त्या जोड्या, तो नियम, सगळं खरं होतं. आणि हेही खरं होतं. माझ्या डोक्यात ते दोन्ही एकत्र बसेनात, आणि आजही नीट बसत नाहीत.

चार महिन्यांनी बाई गेल्या. जायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी तेराव्याला गेले. ओसरीत पाच-सहा बायका होत्या. भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, पाठीत वाकलेली, हाताची बोटं मागावर काम करून वाकडी झालेली. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “तू कौशीच्या जोडीची ना वं? दुकानवाल्याची?” ती कौशीची आई होती. इथे, बाईंच्या घरी, तेराव्याला.

मी काही विचारण्याआधी तीच बोलायला लागली.

“दर साली येत होत्या बाई माह्याकडं. पहिल्या साली आल्या अन् सगळं सांगितलं त्यायनं. चार दिवसाचं बी सांगितलं. मी म्हटलं, निघा माह्या घरून. दुसऱ्या साली मंग आल्या. मी बसा म्हटलं नाई. दारातच उभ्या राहिल्या अन् उभ्या उभ्या सांगू लागल्या का कौशी कशी पळत होती. हात कसे ठेवत होती, वळणावर कशी वळत होती. मी तं पाह्यलंच नाई वं तिले पळतानी. कवाच नाई. मी मागावर असो. एक दिवस माग सोडून आली असती तं पाह्यलं असतं.”

तिनं पदरानं नाक पुसलं. “तिसऱ्या साली मी म्हटलं, बसा. मंग दर साली येत अन् सांगत. थेच थेच. मी रागानं ऐकत होती, पण ऐकत होती. माफ नाई केलं मी त्यायले. पण आता मले कोण सांगन?”

मैदानावर बाकीच्या पोरी तेव्हा पळत असायच्या, बाईंचं अर्धं लक्ष घड्याळात असायचं. बसून, सावलीतून, फेरीमागून फेरी कौशीला पाहणारी मीच होते. माझ्याइतकं तिला पळताना कोणी पाहिलेलंच नाही. मी म्हातारीच्या जवळ सरकले.

“पळायला सुटायच्या आधी ती एक वेणी दातात धरायची,” मी म्हटलं.

“हे बाईनं कवा सांगितलं नाई.” ती ताठ बसली. “कोणती वं? दोन घालून देत होती मी.”

“डावी,” मी म्हटलं.